रिकाम्या पाकिटांचे अण्णा

कडा गावात अण्णांच्या घरी जायचं तर चहा पिऊन जावं. बसल्या बसल्या आधी अल्बम येतो आणि एकदा अल्बम उघडला की पातळ पदार्थाला त्या खोलीत बंदी. काकू कपबशा घेऊन दारापर्यंत येतात, अल्बम बघतात आणि आल्या पावली परत जातात.

अण्णा प्रथम दिवस आवरणं जमवतात. तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का बसलेलं खास पाकीट. त्यातही फक्त विमानटपालाचं तिकीट, आणि त्यावर रॉकेट, चंद्र नाहीतर अंतराळवीर हवा. साधं रॉकेट असेल तर अण्णा "हं" म्हणून पान उलटतात. स्वतः अण्णा विमानात कधी बसलेले नाहीत. गच्चीवर झोपल्यावर जेवढं विमान दिसतं, तेवढाच त्यांचा विमानप्रवास.

असा एक इसम प्रत्येक तालुक्यात निघतोच. खिशात पेनाशेजारी चिमटा असतो. लग्नपत्रिका आली की मुहूर्ताआधी तो तिकीट बघतो. कौटुंबिक तारखा त्याला तिकिटांवरून आठवतात. अण्णांना लग्न कधी झालं विचारा. "आर्यभट्टाच्या पुढच्या वर्षी." म्हणजे आपण १९७५ धरून पुढं मोजायचं. उपग्रह १९ एप्रिलला उडाला आणि दुसऱ्या दिवशी २५ पैशांचं तिकीट आलं, हे ते न विचारता सांगतात. थोरला मुलगा कधीचा? "राकेश शर्मा वर गेले, त्याच आठवड्यातला. ३ एप्रिल १९८४, तिकीट ३ रुपयांचं." शाळेच्या दाखल्यावर मात्र त्या मुलाचा जन्म १ जूनचा आहे.

"आपल्याकडे चंद्र आधी आला, रेल्वे नंतर," हे अण्णांचं आवडतं वाक्य. हिशेब चोख आहे. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली, त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला आपल्या टपाल खात्यानं २० पैशांचं तिकीट काढलं. कड्यावरून नगर-आष्टी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. त्या दिवशी सगळं गाव रुळाकडे बघत होतं. अण्णा तिकीट जपून धरून उभे होते, घामाचा डाग पडू नये म्हणून रुमालात.

संग्रहाचा राजा अमेरिकन. ९ सप्टेंबर १९६९, विमानटपाल, १० सेंट. चित्रात अंतराळवीर शिडीवरून चंद्रावर पाय टाकतोय. या तिकिटाचा मूळ साचा अपोलो ११ मधून चंद्रावर जाऊन आला, हे सांगताना अण्णांचा आवाज बारीक होतो. पहिल्या दिवशी अशी ८७ लाखांवर पाकिटं शिक्के खाऊन निघाली, हे सांगताना तो आणखी बारीक होतो. "पण कड्यात एकच!" हे मात्र मोठ्यानं.

राजाच्या शेजारी शारजाची पाकिटं आहेत. साठ-सत्तरच्या दशकात शारजा, अजमान, फुजैरा यांच्या नावानं रॉकेटांची तिकिटं भाराभर छापली गेली, ती मुख्यतः अण्णांसारख्यांच्या खिशावर डोळा ठेवून. अण्णांना हे माहीत आहे. तरी रंग छान आहेत म्हणतात.

आता काकूंची बाजू. पाकीट उत्तम, तिकीट लावलेलं, आत काही नाही. अशी दोन कपाटं भरून पाकिटं घरात, आणि धानोऱ्याच्या लग्नाला निघताना आहेरासाठी एक पाकीट मिळेना. बाईमाणसानं काय करावं? काकूंनी चंद्राच्या पाकिटात १०१ रुपये घातले, वर बॉलपेननं "चि. सौ. कां. हिस शुभाशीर्वाद" लिहिलं आणि जाऊन देऊन आल्या.

संध्याकाळी अल्बममधली रिकामी जागा बघून अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. मी मोटारसायकल काढली, अण्णांना मागे बसवलं. मांडवात आहेराची वही उघडून एक गृहस्थ बसले होते. चंद्राच्या पाकिटात त्यांनी अंगठा घातलाच होता.

"फाडू नका! आत चंद्र आहे!"

"आत एकशे एक आहेत," गृहस्थ शांतपणे म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

अण्णांनी ५०१ रुपये मोजले आणि पाकीट सोडवून आणलं. वाटेत अपोलो १५ ची गोष्ट त्यांनीच काढली. १९७१ साली त्या अंतराळवीरांनी ३९८ पाकिटं परवानगीशिवाय चंद्रावर नेली. भानगड उघडकीला आली, आणि ते तिघंही पुन्हा कधी अंतराळात गेले नाहीत. "पाकिटापायी तेवढी मोठी माणसं बुडाली, मी तर चारशेतच सुटलो."

बॉलपेनच्या अक्षरांनी पाकिटाची किंमत गेली, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पाकीट जागेवर, आणि खाली अण्णांच्या बारीक अक्षरात नोंद: "कडा ते धानोरा व परत. प्रत्यक्ष प्रवास."

तेवढ्यात काकू दारात आल्या. "अहो, पुढच्या महिन्यात आष्टीला लग्न आहे. पाकीट?"

अण्णांनी बराच वेळ पानं चाळली.

"शारजाचं घे," ते म्हणाले. "ते बिचारं अजून कुठंच गेलेलं नाही."