डॉलरशेठ, लॉकरची किल्ली राहू द्या!

श्री. डॉलरशेठ वॉशिंग्टनकर यांस,
सा. न. वि. वि.

पेढी चालवावी तर तुम्हीच! आमच्याकडे सावकाराचं दिवाळं वाजायला लागलं की ठेवीदार दारात बोंबलत उभे राहतात. तुमच्याकडे ते आणखी ठेवी घेऊन येतात. ५ ऑगस्ट २०११ ला स्टँडर्ड अँड पुअर्सने तुमची 'एएए' पत काढून घेतली. घाबरलेल्या जगाने शेअर विकले आणि घेतलं काय? तुमचेच कर्जरोखे!

शब्दाला मात्र तुम्ही पक्के. ३५ डॉलरला एक औंस सोनं, असं परदेशी सरकारांना वचन होतं. ती सोनं मागू लागल्यावर अध्यक्ष निक्सनसाहेबांनी खिडकीच बंद केली. तारीख १५ ऑगस्ट १९७१. आमची झेंडावंदनाची जिलबी अजून पचायची होती. 'तात्पुरती' बंद, असं म्हणाले होते. पन्नास वर्षं उलटून गेली, साहेब अजून जेवायलाच गेलेत.

मग २००८. ऐपत नसलेल्यांना घरकर्जं वाटलीत, त्यांची पुडकी बांधून वर उत्तम पतीचा शिक्का मारलात आणि जगाच्या गळ्यात मारलीत. १५ सप्टेंबरला १५८ वर्षांची लेहमन ब्रदर्स बँक बसली. मॅनहॅटनमध्ये कालचे कुबेर पुठ्ठ्याची खोकी छातीशी धरून बाहेर पडले. आग तुमची, बंबही तुमचाच: फेडरल रिझर्व्हने चौदा मध्यवर्ती बँकांना डॉलर पुरवले. केवढे उपकार! पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्यांना एरवी ओसरीवर बसवायचात, त्या चीन, भारत, ब्राझीलला जी-२० च्या बैठकीसाठी माजघरात बोलवावं लागलं. बरं, तोवर तुमचा सर्वांत मोठा परदेशी धनको चीनच झाला होता.

२०२२ मध्ये तुम्ही आणि मित्रमंडळींनी रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा गोठवलात. युक्रेनवर चालून जाणाऱ्याची कीव आम्हालाही नाही. पण आपल्या लॉकरची किल्ली शेठकडे असते, हे त्या दिवशी बाकीच्या गिऱ्हाइकांनाही दिसलं. जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी त्या वर्षापासून सलग तीन वर्षं दरसाल हजार टनांवर सोनं खरेदी केलं.

दुकान बंद पडेल, असं आम्ही म्हणत नाही. तेल अजून बहुतांशी तुमच्याच नोटांत येतं. पण १९९१ मध्ये तुमच्या नोटा संपल्या म्हणून आम्ही मुंबईहून विमानाने सोनं परदेशात गहाण धाडलं होतं, ते विसरलेलो नाही. २०२३-२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने लंडनच्या तिजोरीतलं सुमारे १०० टन सोनं घरी आणलं.

कळावे,
आपलं एक जुनं कूळ