मेंदूत घुसणाऱ्या बुरशीस

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स,

पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचा रिवाज आहे. तुझ्यापुरता मी तो मोडते.

एवढी पराक्रमी आहेस, तर धडधाकट माणसासमोर शेपूट का घालतेस? कबुतरांच्या वाळक्या विष्ठेतून, मातीतून उडतेस, श्वासाबरोबर कितीतरी जणांच्या फुप्फुसात शिरतेस आणि तिथं गप्प पडून राहतेस. एचआयव्हीने एखाद्याच्या रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या सीडी-फोर पेशी शंभराच्या खाली आणल्या, की तुला जोर चढतो. दुसऱ्याने पाडलेल्याच्या उरावर बसायचं, एवढीच तुझी बहादुरी.

मेंदूच्या आवरणात पोचलीस की आधी नुसतं डोकं दुखतं. घरचे बाम चोळतात, कुणी चष्म्याचा नंबर तपासून आणतं. मग उलट्या, एकाचे दोन दिसणं, घरच्यांनाच न ओळखणं. तुझ्या चिकट कवचाने मेंदूतल्या पाण्याच्या वाटा तुंबतात आणि कवटीत दाब वाढतो. डॉक्टर पाठीतून पाणी काढून तो उतरवतात. पण ‘पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो’ या अफवेपायी नातेवाईक नको म्हणतात, आणि तुझं फावतं.

एड्सच्या रुग्णांतले वर्षाला सुमारे १ लाख १२ हजार मृत्यू तुझे, असा संशोधकांचा २०२० सालचा अंदाज आहे. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची यादी केली, त्यात तू सर्वांत वरच्या गटात. मिरव.

पण तुझी चोरी पकडली गेली आहे. डोकं दुखायच्या काही आठवडे आधीच तुझ्या कवचाचे अंश रक्तात उतरतात. थेंबभर रक्त पट्टीवर टाकलं की काही मिनिटांत तू सापडतेस, आणि वेळीच दिलेल्या फ्लुकोनॅझोल या औषधाने बऱ्याचदा तिथंच अडतेस. मेंदूत पोचलीसच, तर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, जोडीला दोन आठवडे फ्लुसायटोसीन आणि फ्लुकोनॅझोल. बोत्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेतल्या रुग्णांनी औषधचाचणीत सामील होऊन हा उपचार चालतो हे सिद्ध करून दिलं. फ्लुसायटोसीन १९५७ सालचं. तरी आजही कितीतरी गरीब रुग्णालयांत ते मिळत नाही, याची लाज आमची.

महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्रांत २००४पासून एचआयव्हीला आवरणाऱ्या एआरटीच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या. तरीही ओळखीचं कुणी बघेल या धास्तीने माणसं तिथं जायचं टाळतात, गोळ्या सोडतात. त्यांना आम्ही पुन्हा बोलावून आणू. आणि सीडी-फोर घसरलेला माणूस केंद्राची पायरी चढला, की त्याच दिवशी तुझी पट्टी झालीच पाहिजे, हे अधिकाऱ्यांना सांगत राहू.

तुझ्या वाईटावर उघडपणे टपलेली,
एक बाई