छत्री मिटा, मान वर करा

चिपळूणच्या माणसाला पाऊस दाखवू नये. माझी सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे हा नियम मी संसाराच्या सुरुवातीलाच पाठ केला. नोव्हेंबरात मांतोव्हाच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं, वरून पिरपिर सुरू झाली, मी छत्रीचं बटण दाबलं. हिने एकदा आभाळाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "अहो, ह्याला पाऊस म्हणतात? एवढ्यात आमच्याकडे पापड वाळत घालतात."

मांतोव्हा ही लेकीची सूचना. ती मिलानला नोकरी करते आणि आई-बाबांना व्हेनिसच्या गर्दीत एकटं सोडायची तिला धास्ती. "दोनेक तासांची गाडी आहे, निवांत बघा," म्हणत तिने तिकिटं हातात ठेवली. निवांतपणा होताच, पाणीही मुबलक होतं. बाराव्या शतकात आल्बेर्तो पितेंतीनो नावाच्या स्थापत्यकाराने मिंचो नदी अडवून शहराभोवती चार तळी केली. त्यातली तीन अजून आहेत. चौथ्याची उणीव आभाळ भरून काढत होतं.

त्यात सोमवार. राजवाड्याला साप्ताहिक सुट्टी. पण जुन्या गावात दुकानांसमोर कमानींचे छपरी रस्ते आहेत, त्यांच्या आडोशाने बरंच हिंडता येतं. हिंडता हिंडता रिगोलेत्तोचं घर सापडलं. रिगोलेत्तो म्हणजे व्हेर्दीच्या १८५१च्या ऑपेरातला कुबडा विदूषक. हा गृहस्थ कधी जन्मालाच आला नाही, तरी त्याला मोक्याच्या जागी घर आहे आणि अंगणात पुतळाही. मूळ नाटक व्हिक्तोर ह्यूगोचं, त्यातला लंपट माणूस फ्रान्सचा राजा. व्हेनिसमधल्या ऑस्ट्रियन सेन्सॉरला राजाची बदनामी खपेना, म्हणून व्हेर्दीने त्याला मांतोव्हाचा ड्यूक करून टाकलं. इथल्या गोंझागा घराण्याची सत्ता १७०७मध्येच संपली होती. भावना दुखावून घ्यायला शिल्लकच कुणी नव्हतं!

जेवायला एका छोट्या खानावळीत शिरलो. मेनूकार्डावर गाढवाच्या मटणाचा रस्सा होता, इथला खास पदार्थ. ती ओळ मी बोटाने झाकून हिच्यापुढे कार्ड धरलं. हिने बोट उचलून ती वाचली. मग 'तोर्तेल्ली दी झुक्का' मागवले. लाल भोपळ्याचं सारण, त्यात बदामी बिस्किटांचा चुरा आणि 'मोस्तार्दा', म्हणजे मोहरीच्या अर्कात मुरवलेल्या फळांचा मुरंबा. वर लोणी, चीज आणि सेजची कुरकुरीत पानं. पहिला घास गोड लागतो, दुसऱ्याला मोहरी नाकात चढते आणि तिसऱ्याला आपण जेवतोय की शेवटचं गोड खातोय, हे कळेनासं होतं. "घारग्यांचं सारण हो," ही म्हणाली आणि तिथून पुढे प्रत्येक जेवणाला भोपळाच मागवू लागली.

मंगळवारी राजवाडा. पाचशेवर खोल्या. एवढ्या खोल्या असल्यावर गोंझागांना पावसाळी चपलांची गरज काय पडणार? पण बघण्यासारखी एकच, बाकीच्या धावत पाहिल्या तरी चालतील. किल्ल्याच्या बुरुजातली ही चौकोनी खोली आंद्रेआ मांतेन्याने १४६५ ते १४७४ अशी रंगवली. "नऊ वर्षं एका खोलीला? रंगारी कुठलाही असो, सारखाच," ही म्हणाली आणि तिने मान वर केली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. छताच्या मधोमध गोल झरोका रंगवलाय. त्यातून खरंखुरं वाटणारं निळं आकाश दिसतं, कठड्यावरून बायका खाली वाकून हसतात, एक मोर आहे, गुबगुबीत पोरं लोंबकळताहेत. आणि एका आडव्या काठीवर झाडाची मोठी कुंडी कशीबशी तोललेली. एकीचा हात त्या काठीजवळच आहे. ही हळूच दोन पावलं बाजूला सरकली. अख्ख्या मुक्कामात आम्हाला निळं आकाश दिसलं ते तेवढंच, आणि मला विचाराल तर बाहेरच्यापेक्षा ते सरस होतं. उन्हात इथं येणारे लोक ह्या खोलीतून लवकर निघत असावेत, बिचारे.

पालाझ्झो तेला पोचलो तेव्हा पाऊस चिपळूणच्या निकषावर उतरायला लागला होता. हा महाल जूल्यो रोमानोने ड्यूक फेदेरीकोसाठी बांधला. अंगणात उभं राहून पाहिलं तर खांबांवरच्या पट्टीतले काही दगड खाली घसरलेले. सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे मी चटकन कमानीखालून मागे झालो. पण ती पडझड नव्हे, खोडी आहे. स्थापत्याचे नियम तोंडपाठ असलेल्या पाहुण्यांची छाती धडधडावी म्हणून रोमानोने दगड मुद्दाम तसे बसवले. एका दालनात फेदेरीकोच्या लाडक्या घोड्यांची खऱ्या घोड्यांएवढी चित्रं आहेत. नातेवाइकांना नाही, घोड्यांना हा मान. सगळे घोडे गंभीर, पासपोर्टच्या फोटोला उभे असल्यासारखे.

शेवटी राक्षसांचं दालन. भिंत कुठे संपते नि छत कुठे सुरू होतं, कळत नाही, कारण सगळं एकसलग रंगवलेलं आहे. वरून जुपिटर विजा फेकतोय, खाली खांब, डोंगर, विटा ढासळून राक्षस चिरडले जाताहेत, एकाचे डोळे खोबणीतून बाहेर यायच्या बेतात. बाहेर खरा गडगडाट झाला तेव्हा शाळेच्या सहलीतली पोरं आनंदाने किंचाळली. ह्या दालनाची गंमत अशी, की एका कोपऱ्यात तोंड घालून कुजबुजलं तर समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. ही पलीकडे राक्षसाचं पाऊल न्याहाळत पाठमोरी उभी होती. मला मात्र त्या घटकेला एवढं ध्वनिशास्त्र ठाऊक नव्हतं. मी कोपऱ्यात तोंड घालून, अगदी मनातल्या मनात म्हणावं तसं पुटपुटलो, "देवा, आज तरी भोपळा नको."

भिंतीतून उत्तर आलं, "मग गाढव मागवा."