गाठवून द्या, चिकटवून नको

दीडशे रुपयांची तुशी गळ्यात घालून मी लग्नाला जाते आणि मिरवते. स्वस्ताशी माझं भांडण नाहीच. माझं भांडण ग्लूशी आहे.

दुकानात दागिना हातात आला की आधी उलटा करा. पुढून सगळेच देखणे असतात. खडा धातूच्या नखांनी धरलाय, की ग्लूच्या पिवळट थेंबावर नुसता टेकलाय? मणी दोऱ्यात ओवलेत, की पट्टीवर ओळीने चिकटवलेत? चिकटवलेले असतील तर परत ठेवा. मे महिन्यातलं मंगल कार्यालय, तिथला घाम आणि गळ्यावर फवारलेलं अत्तर, यांच्यापुढे तो ग्लू टिकत नाही. पंगत बसेपर्यंत एखादा खडा गेलेला असतो. तो परत बसवून द्यायला कुणी तयार नसतं, म्हणून अख्खा सेट कचऱ्यात जातो. दोन-तीनशे रुपये एका संध्याकाळपुरते! याला स्वस्त कसं म्हणायचं?

आपल्या जुन्या दागिन्यांची घडणच काटकसरीची आहे. बोरमाळेचा मणी भरीव सोन्याचा नसतो. आत लाख, वर सोन्याचा पातळ पत्रा. कोल्हापुरी साजाच्या पानांतही लाखच भरलेली. साजाला परंपरेने 21 पानं, अधेमधे जवमणी, आणि सगळं ओवलेलं. एखादं पान चेपलं तर तेवढंच बदलायचं. पुतळ्यांच्या माळेत पैसे जमतील तशी एकेक पुतळी वाढवता येते. आणि तुशीचा गोंडा! मागच्या सरकत्या गाठीमुळे तीच तुशी आजीच्या गळ्यात बसते आणि नातीच्याही. इतकी हुशार सोय मला दुसऱ्या कुठल्या दागिन्यात दिसलेली नाही. नकली तुशीलाही हाच गोंडा लावलेला मिळतो. तरी आपण साखळी आणि नाजूक हूकवाली निवडतो, कारण रीलमध्ये तशी दिसते. हूक तुटला की तुशी बाद.

हे सगळं ज्याच्या हातावर उभं आहे तो दागिने गाठवून देणारा पटवेकरी मात्र बाजारात शोधावा लागतो. पुण्यात तुळशीबागेच्या गर्दीत, कोल्हापुरात गुजरीच्या आसपास, एखाद्या सराफाच्या पायरीशी तो बसलेला असतो. त्याचं काम एकदा उभं राहून बघाच. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवून तो दोरा ताठ करतो. मोती ओवायचा, गाठीचा फास सैल धरायचा, त्यात सुई घालून तो फास सरकवत मोत्याला अगदी टेकवायचा, आणि मग सुई काढून घेत गाठ आवळायची. प्रत्येक मोत्यामागे एक गाठ. म्हणजे दोरा तुटलाच तर एखादाच मोती सुटतो, बाकीचे जागेवर राहतात. शिवाय मोत्यावर मोती घासत नाही, त्यामुळे त्याचं तेज उतरत नाही. हे काम यंत्रासारखं भरभर होतं आणि बोलता बोलता होतं, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं.

सोपं वाटतं म्हणून तिथेच घासाघीस. सराफ घडणावळ सांगतो ती आपण मान खाली घालून देतो. साडीला फॉल-पिको करायला देताना कुरकुरत नाही. आणि गाठवणाऱ्याने पन्नास म्हटले की लगेच, ‘‘दोराच तर आहे दादा, तीस घ्या!’’ याची मला चीड येते. त्या दोऱ्यावर आपलं मंगळसूत्र लटकतं.

आता कानांकडे वळू. स्वस्त कानातल्यांनी कान पिकतो हे घरोघरी माहीत आहे. त्यात ‘तुझी स्किनच नाजूक’ म्हणून बाईलाच बोल लावला जातो. बहुतेक वेळा दोष निकेलचा असतो. घामात निकेल सुटतं आणि कातडी ते सहन करत नाही; एकदा ही अॅलर्जी जडली की सहसा आयुष्यभर राहते. युरोपीय संघाने 1994 साली यावर नियम केला: अंगाला सतत लागून राहणाऱ्या वस्तूच्या दर चौरस सेंटीमीटरमधून आठवड्याला 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. आपल्या बाजारातल्या झुमक्यांच्या पाकिटावर निकेलचा ‘नि’ही मला कधी दिसलेला नाही. उलट ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून ते मोठ्या तोऱ्यात विकलं जातं. त्यात तांबं असतं, जस्त असतं, निकेल असतं. चांदी अजिबात नसते. ज्यांचे कान पिकतात त्या बायका चांदी समजून नेमकं तेच घेतात, आणि दुकानदार त्यांना घेऊ देतो.

त्यावर उपाय महाग नाही. झुमका आवडला असेल तर खुशाल घ्या, फक्त त्याचा आकडा सोनाराकडून बदलून चांदीचा करून घ्या. कानात जातो तो आकडाच. खालचा झुमका कशाचाही असेना. अगदी आजच्या आज घालायचा असेल तर आकड्याला बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्या. तो घासून निघतो, तेव्हा भरवसा एका संध्याकाळपुरताच. आणि कान आधीच चिघळला असेल तर काहीही घालू नका.

घरी करून बघायचं म्हणाल तर खणाचे कानातले. ते सगळीकडे पुठ्ठ्यावर कापड चिकटवून विकतात आणि पहिल्या पावसात पोपडा निघतो. खणाच्या ब्लाउजचे उरलेले तुकडे शिंप्याच्या सामानाच्या दुकानात न्या. तिथे कापडी बटणं दाबून देणारं यंत्र असतं. बुट्टी बरोबर मधोमध येईल असे दोन तुकडे कापून द्या. दोन बटणं मिनिटाभरात तयार. मागच्या कडीतून चांदीची तार ओवली की झाले कानातले. चिकटपट्टी नाही, ग्लू नाही. ब्लाउजला अगदी जुळणारे, कारण त्याच कापडाचे! बाजारात ‘मॅचिंग’ शोधत फिरण्यापेक्षा हे मला कितीतरी जास्त सुंदर वाटतं. बचत गटांच्या प्रदर्शनात अशी बटणं मांडली तर मी आधी तिथे जाईन.

त्याच बचत गटांना आणि तुळशीबागेतल्या दुकानदारांना एक सांगणं आहे. पितृपक्ष संपला की दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक तुमच्याच दारात असतं. या दिवसांत काउंटरपाशी एक पटवेकरी बसवा. विकलेली माळ जागच्या जागी गिऱ्हाइकाच्या मापाने गाठवून द्या, आणि गाठवणावळ बिलात वेगळी लिहा, म्हणजे तिच्यावर घासाघीस होणार नाही. आम्ही घेणाऱ्यांनी घेतानाच चार मणी जादा मागायचे आणि ते गोंड्याच्या टोकालाच ओवून घ्यायचे. पुढे मणी हरवला तर त्याच रंगाचा, त्याच मापाचा दुसरा बाजारात मिळत नाही.