वर्तुळांचे राज्यशास्त्र

राज्यशास्त्राच्या विद्वानांनी अलीकडे राज्यव्यवहाराकडे पाहण्याचे कष्ट वाचविणारी एक सोय हस्तगत केली असून, स्कोपस या संशोधन-निबंधांच्या सूचीच्या दफ्तरातून काही सहस्र निबंधांच्या नोंदी उतरवून घ्याव्यात, त्या लायडन विद्यापीठात सिद्ध झालेल्या व्हॉसव्ह्यूअर नामक, शब्द व दाखले मोजून नकाशा काढणाऱ्या प्रणालीच्या हवाली कराव्यात, आणि पडद्यावर उमटलेल्या रंगीत वर्तुळांपैकी जे सर्वांत स्थूल, तोच संशोधनाचा कल असे जाहीर करावे, असा तिचा विधी आहे. यात निबंध वाचण्याची सक्ती कोठेही नाही. अशी मोजदाद नवी नाही; ग्रंथालयाच्या कारभाराला गणित लावण्याची सूचना आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1948 सालीच केली होती; पण त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असा दंडक होता, हे आता सोयीस्करपणे विसरले जाते.

कल्याण तालुक्यातील खडवलीसारख्या गावाला या नकाशात जागा मिळणे दुरापास्त. अशा गावात गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने सर्व ठराव तेथे बिनबोभाट मंजूर होतात, आणि महिलेसाठी राखीव जागेच्या प्रचारपत्रकावर पतिराजांची छबी उमेदवारापेक्षा मोठी छापली जाते. हे आपल्या खेडोपाडीचे राज्यशास्त्र कोणी मराठीत कितीही बारकाईने लिहिले, तरी त्या दफ्तरी मराठी नियतकालिकांची आबाळच असल्याने त्याचा दाखला कोणी देत नाही, आणि दाखला नाही म्हणून वर्तुळही नाही.

तेव्हा वर्तुळे रंगविणाऱ्यांनी प्रबंध बांधणीला देण्यापूर्वी एकवार कसारा लोकल पकडावी. ती खडवलीला थांबते.