डावा कान

जुनी बुलेट बाळगणाऱ्या माणसाला गाडीपेक्षा स्वतःचं कौतुक जास्त असतं. जबलपूरच्या सिव्हिक सेंटरला चहाला थांबलं की एखादं पोरगं जवळ येतं, टाकीवरून हात फिरवतं आणि विचारतं, "अंकल, कितने में दोगे?" त्यातला 'अंकल' कानांनी गाळून फक्त 'कितने में' ऐकणं ही मी बरीच वर्षं जोपासलेली कला आहे.

गाडी बाबांची, १९७२ सालची. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणायची कायदेशीर सोय करून दिली. नोंदणीचे २० हजार रुपये भरा, नंबरात 'व्हीए' अशी खास अक्षरं मिळवा. अट एवढीच, की गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. ती फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला न्यायची. म्हणजे आम्ही बुलेटवाले आधीपासून जे करत होतो, त्यावर सरकारने शिक्का मारला. पन्नाशी आम्ही दोघांनीही ओलांडली आहे, पण व्हिंटेज म्हणवून घ्यायची घाई गाडीला नव्हती.

अर्ज भरायचा बेत चालला होता तेवढ्यात मागून आवाज सुरू झाला. खड्डा आला की 'कट्'. सीट काढून पाहिलं तर डाव्या शॉकअपचा वरचा बोल्ट ज्या कानात बसतो, तो कान चॅसीच्या पाइपापाशी चिरलेला. तिथे रंगाचा पोपडा उडून गंजाची बारीक लाल रेघ उमटली होती. रेघ दिसायला केसाएवढी, पण मागे बसलेल्याचा निम्मा भार तिच्यावर.

इतर गावांत गाडी बिघडली की मिस्त्री शोधावा लागतो, जबलपुरात तो टाळावा लागतो. १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची दारूगोळ्याची, १९६९ची व्हेइकल फॅक्टरी, शिवाय ओतकामाची निराळी. गल्लीत ज्याच्या दारावर टकटक कराल तो कुठल्या तरी शॉपमधून रिटायर झालेला. शक्तिमान ट्रक बनवलेल्या माणसासमोर मोटरसायकल नेणं म्हणजे निवृत्त हेडमास्तरांना अर्ज तपासायला देणं. एक काका म्हणाले, आर्क मार, दोन मिनिटांचं काम. दुसरे म्हणाले, आर्कने पाइप जळेल, गॅसच हवा. तिसऱ्यांनी बसल्या जागेवरून निकाल दिला, "अख्खी फ्रेमच बदल ना, दिल्लीत मिळते!" फ्रेमबरोबर तिच्यावर ठोकलेला चॅसी नंबरही जातो आणि मग आरटीओत आपली गाडी आपलीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? ते तर इन्स्पेक्शनमधून रिटायर झालेले.

आता तोफेकडे वळायला हवं. संपादकांची हरकत असली तरी वळणार, कारण जबलपूरच्या माणसाला धक्क्याविषयी लिहायला सांगून तोफ वगळा म्हणणं हा अन्याय आहे. बाबा गन कॅरेजमध्ये होते. लोकांना वाटतं, तोफेची सगळी करामत नळीत. बाबा म्हणत, "नळी नुसती ओरडते, सोसतो तो गाडा." गोळा पुढे गेला की नळी तेवढ्याच रागाने मागे येते. जुन्या तोफा दर बाराला अख्ख्या मागे उसळत, त्यांना पुन्हा ढकलून जागेवर आणायचं, पुन्हा नेम धरायचा. १८९७मध्ये फ्रेंचांनी पंचाहत्तर मिलिमीटरची तोफ काढली. तिची नळी गाड्यावर मागे सरके, तेल बारीक भोकातून दाबलं जाऊन धक्का गिळे आणि कोंडलेली हवा नळीला परत पुढे आणे. गाडा जागचा हलत नसे. चाकावर पाण्याचा पेला ठेवून बार काढला तरी पाणी सांडत नसे, असं सांगतात. बाबा हे जेवताना सांगत आणि पेल्याऐवजी आमटीची वाटी वापरत. आमटी सांडे. आपल्या जबलपुरात बनलेली धनुष ही १५५ मिलिमीटरची तोफ २०१९च्या एप्रिलमध्ये सैन्याकडे गेली. अडतीस किलोमीटर मारा, चाळीस किलोच्या वरचा गोळा, आणि तो सगळा हिसका पचवायची युक्ती जातकुळीने तीच. बाबा तेव्हा नव्हते. असते तर त्यांनी मारा किती हे विचारलंच नसतं, गाड्याचं विचारलं असतं.

बुलेटच्या शॉकअपमध्येही तेच तेल आणि तेच बारीक भोक. १९४८मध्ये बुलेटचे पहिले नमुने इंग्लंडात कोलमोर कपच्या स्पर्धेत उतरले, तेव्हा मागच्या चाकाला स्प्रिंग हा जाणत्यांना नसता लाड वाटला होता. त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटच्या दोन स्वारांनी सुवर्णपदकं आणली आणि जाणते गप्प झाले. आमच्या गल्लीतले अजून झालेले नाहीत.

शेवटी रांझीकडच्या एका चाचांकडे गेलो. वय पंचाहत्तरच्या पुढचं, चष्म्याची एक काडी तारेची. शॉकअप हातात घेऊन त्यांनी दोनदा दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला नवीन क्रोमची टोपणं बसवली होती, त्यात माणसाला तोंड दिसे. आत तेलाचा थेंब नव्हता. तेल नाही तर धक्का गिळणार कोण? तो थेट कानावर हातोडा मारणार. "बड्डे," चाचा म्हणाले, "ऊपर से चमाचम, अंदर से सूखा." हे बोलताना ते माझ्या केसांच्या कलपाकडे बघत होते असं मला वाटलं. चुकून बघत असतील.

काम बघण्यासारखं होतं. आधी कानावर रॉकेल लावलं, पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. पांढऱ्यावर चीर हळूहळू काळी उमटली, मला दिसली होती त्याहून बोटभर लांब. तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. दोन्ही कानांतून एकच जाड सळई आरपार घातली, नाहीतर तापलेला पाइप वाकतो आणि गाडी जन्मभर तिरकी चालते. मग गॅसची ज्योत, टाकणखार आणि पितळेची कांडी. पोलाद नुसतं लाल करायचं, वितळू द्यायचं नाही. पितळ आपणच पाण्यासारखं चिरेत शिरतं. खालून छोटी पट्टी जोडली. पाणी मारायचं नाही, आपोआप निवू द्यायचं.

त्याआधी एक वाद झाला. कानाच्या वरच्या अंगाला जुन्या वेल्डिंगचा ओबडधोबड गोळा होता, बाबांनी कधीतरी मारून घेतलेला. मला तो घासून काढायचा होता; व्हिंटेज गाडी ओरिजिनल दिसायला नको? चाचांनी ग्राइंडर बाजूला ठेवला. "ये नहीं टूटा। इसके बगलवाला टूटा। जिसने लगाया, उसको काम आता था।" मग कानाच्या बोल्टावर बसणारी डावीकडची मूठ पुसून माझ्यापुढे धरली. चार बोटांच्या रुंदीत क्रोम झिजून खालचा पिवळट धातू दिसत होता. "इधर कोई रोज बैठता था."

आई बसायची. बाबा रोज तिला शाळेत सोडायचे. एका बाजूला पाय सोडून, डाव्या हातात मूठ, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. सगळा भार डावीकडे, म्हणून डावा कान आधीही एकदा गेला असणार. घरात कुणाला कळलं नाही. बाबा गाडी घेऊन गेले असतील, टाका मारून आणला असेल आणि दुसऱ्या दिवशी तिला वेळेवर सोडलं असेल. गोळा मी घासला नाही. त्यावर काळा रंगही पातळच द्यायला लावला.

जुन्या बुलेटी हल्ली कॅफेच्या दारात उभ्या करतात, त्यांच्यावर कुंड्या ठेवतात, त्याचा मला राग येतो. गाडी कुणाला तरी वेळेवर पोचवण्यासाठी असते. व्हिंटेजचा अर्ज मी भरलेला नाही. रोज वापरायची नाही ही अट आता मान्य नाही.

अडचण वेगळीच आहे. आईला म्हटलं, चल, ग्वारीघाटला चक्कर मारू. ती खाली आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "जाळी कुठाय?" मागे एकदा रंगाऱ्याकडे गेलेली साडीगार्ड परत आलीच नव्हती आणि गाडी तिच्याविना तरतरीत दिसते म्हणून मीही विचारलं नव्हतं. आई जाळीशिवाय बसणार नाही. मोटार वाहन नियमांतला १२३वा नियमही तिच्याच बाजूचा आहे: मागे बसणाऱ्यासाठी पकडायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि निम्मं चाक झाकेल असं आवरण हवं.

तेव्हा १९७२च्या आसपासच्या बुलेटची साडीगार्ड कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर कळवा. गंजलेली चालेल. क्रोमची नको.