वेताळ झोपी जातो

जून महिन्यात सईच्या शाळेतून एक वही घरी आली. वर 'वाचन नोंदवही' असं छापलेलं. आत रकाने: तारीख, पुस्तकाचं नाव, किती पानं, कोणी वाचून दाखवलं आणि शेवटी पालकांची सही. रोज वीस मिनिटं मुलांबरोबर वाचायचं, असं बाईंनी पालकसभेत बजावलं. आम्ही सगळ्यांनी फोनमधून मान वर करून ती डोलावली आणि परत खाली घातली.

आमच्या घरी हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण लग्न ठरताना, पहिल्याच भेटीत, मला वाचनाची फार आवड आहे असं मी बायकोला सांगितलं होतं. ते वाक्य तिने अकरा वर्षं जपून ठेवलं होतं. या अकरा वर्षांतलं माझं वाचन म्हणजे जीएसटीची परिपत्रकं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून होणारी भांडणं. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

कुठलाही संकल्प मी खरेदीपासून सुरू करतो. पळायचं ठरवलं तेव्हा आधी बूट आणले. (ते अजून नवे आहेत.) त्याच शिरस्त्याने अप्पा बळवंत चौकात गेलो आणि 'श्यामची आई', 'गोट्या', 'फास्टर फेणे', 'बोक्या सातबंडे', माधुरी पुरंदरे यांची दोन-तीन अशी पिशवीभर पुस्तकं काउंटरवर रचली.

"मुलगी केवढी?" दुकानदाराने विचारलं.

"सात."

"मग हे कोण वाचणार?"

"मी वाचून दाखवणार."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बिल फाडता फाडता म्हणाला, "घेतलेला माल परत घेत नाही आम्ही."

सुरुवात 'श्यामची आई'ने. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, बहुतेक सगळं पाचएक दिवसांत. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे. एका रात्रीत एक रात्र, असा माझा साधा हिशेब होता. पण मला एका रात्रीला चार-पाच रात्री लागायला लागल्या, कारण दर दीड पानावर माझा गळा दाटून यायचा. सई आधी घाबरली. मग सरावली. तिसऱ्या दिवसापासून ती पुस्तकाबरोबर नॅपकीनही आणून ठेवायला लागली.

त्यात तो प्रसंग आहे ना, आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आई त्याच्यासाठी पदर पसरते? तो वाचताना मी इतका हुंदके देत होतो, की आईने पुढे श्यामला काय शिकवलं ते सईला नीट ऐकूच गेलं नाही. तिच्यापर्यंत फक्त पदर पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला, स्कूलबस खाली हॉर्न देत असताना, ती बाथरूमच्या दारात एका पायावर उभी राहिली. "आई, पदर टाक."

बायको ऑफिसच्या कपड्यांत, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कंगवा. तिने आधी सईकडे पाहिलं आणि मग, जरा जास्त वेळ, माझ्याकडे. त्या रात्रीपासून आम्ही 'फास्टर फेणे' धरला.

भा. रा. भागवतांचं मराठी मुलांवर मोठं ऋण आहे आणि माझ्यावर त्याहून मोठं, कारण बनेश फेणे कुणाला रडवत नाही. सायकलवर टांग मारतो, नको तिथे जातो, संकटात सापडतो आणि जिभेने 'ट्टॉक' करून सुटतो. तो मूळचा फुरसुंगीचा म्हटल्यावर सईने फुरसुंगीला जायचा हट्ट धरला. आमच्या लहानपणी फुरसुंगी म्हणजे फेणेचं गाव. पुढे पेपरात ते नाव कचरा डेपोपायीच यायला लागलं. आम्ही एका रविवारी हडपसरच्या पुढे जाऊन आलो. बनेश दिसला नाही. वाहतूक पुष्कळ दिसली. "एवढ्यात तो सायकल कशी चालवणार?" एवढंच ती म्हणाली.

आता मुख्य अडचण सांगतो. मला झोप येते. रात्री साडेनऊला, आडवं होऊन, मंद दिव्यात, दहा तास ताळेबंद बघितलेल्या डोळ्यांनी वाचायचं म्हणजे दुसरं काय होणार? तिसऱ्या पानावर ओळी एकमेकींत मिसळायला लागतात. बरं, झोपलेला माणूस निदान गप्प तरी बसतो. मी बसत नाही. मी पुढची गोष्ट सांगत राहतो.

"काल बन्या चोरांच्या मागे गेला," सई सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, "आणि मग थांबून म्हणाला, साहेब, इनपुट क्रेडिट जुळत नाहीये."

"मग चोर काय म्हणाले?"

"मग तू घोरायला लागलास."

चांदोबातला वेताळ आठवतो? खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम राजा, चित्रकार शंकर यांनी काढलेला. तो वेताळ गोष्ट पुरी सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि राजाने तोंड उघडलं की पुन्हा झाडावर. माझी रीत उलटी. मी गोष्ट अर्ध्यात टाकून जातो आणि तोंड उघडं असतं ते माझंच.

मधल्या काळात मी इतर उपायही करून पाहिले. दहा पानांना एक चॉकलेट ठेवलं, तर तिने सगळ्यात जास्त चित्रं असलेली पुस्तकं शोधून दोन दिवसांत मला कंगाल केलं. त्यानंतर ऑफिसातून आल्या आल्या, संध्याकाळी वाचायचं ठरवलं. तेव्हा तिला खेळायला जायचं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फोन बघायचा असतो.

आणि मग श्रावणात कधीतरी, रात्री साडेदहाला मला जाग आली. शेजारी सई नव्हती, पुस्तकही नव्हतं. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज येत होता.

माझी आई रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचते. मला कळायला लागल्यापासून वाचते आहे. तिला कुणी नोंदवही दिली नाही की चॉकलेट दिलं नाही. त्यामुळे आवाज ऐकून मला वाटलं, आज पोथी रात्री कशी काय काढली? चाल तीच, ओवीच्या शेवटी सूर लांबवायची लकब तीच. नीट कान दिला, तर त्या चालीत फास्टर फेणे सायकलच्या ब्रेकवर ब्रेक दाबत होता.

उठून दारातून पाहिलं. आई पाटावर. नाकावर चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला. पुस्तक पोथीच्या लाकडी ठवणीवर उघडलेलं. सई मांडीला मांडी लावून बसलेली आणि तिचं बोट ओळीवरून आजीच्या आवाजापुढे पळत होतं. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं, आजी ते फोडून सांगायची. 'ट्टॉक'पाशी दोघी बराच वेळ थांबल्या. आजी म्हणाली, "ट-ला ट. आता म्हण." सईने म्हटलं. आजीनेही एकदा करून बघितलं, कवळी सांभाळत. प्रकरण संपल्यावर आईने सवयीने पुस्तकाला हात लावून डोळ्यांना लावला, सईनेही लावला.

सकाळी बायकोकडून कळलं, हे पंधरा दिवस चाललं होतं. मी झोपलो की सई थोडा वेळ वाट बघायची, मग माझ्या छातीवरचं पुस्तक उचलून स्वतः अक्षरं जुळवत वाचायची, आणि अडलं की आजीकडे जायची.

"मग मला उठवलं का नाही?"

"तीच म्हणाली, नको," बायको म्हणाली. "बाबा उठला की परत पहिल्यापासून सुरू करतो."

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, शाळांतून वाचन प्रेरणा दिन करतात. २०१५ पासूनची पद्धत आहे. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांच्या नोंदवह्या मागवल्या. आदल्या रात्री मी आमची वही पहिल्यांदाच पहिल्या पानापासून चाळली. 'कोणी वाचून दाखवले' या रकान्यात ऑगस्टपासून रोज एकच ओळ होती, सईच्या गोल गोल अक्षरांत: 'आधी बाबाने. मग बाबा झोपला. मग मी. मग आजी.'

पालकांच्या रकान्यात रोजची सही माझीच होती.